पायाची दुरुस्ती : विंचेस्टरचा पाणबुड्या आणि आपलें घर

घर बांधण्याच्या खर्चासंबंधानें आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें. सिमेंटचा भाव, गवंड्याची मजुरी, फरशीचे प्रकार यांवर कोणताहि गृहस्थ तासभर सहज बोलूं शकेल. परंतु बांधून झालेल्या घराचा पाया खचला तर तो दुरुस्त करावयास काय पडतें, व तेवढें कां पडतें, हा प्रश्न निघाला कीं बहुतेक मंडळी गप्प होतात. कारण पाया दिसत नाहीं. घर बांधतांना त्याचें तोंड आपण एकदां पाहतों व मग मातीखालीं तें कायमचें झांकून टाकतों. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं भिंतींना तडे जातात, ठेकेदार येतो, मान हलवितो आणि एक आंकडा सांगतो. तो आंकडा वाजवी कीं अवाजवी हें ठरवावयास आपल्यापाशीं कांहींच साधन नसतें. मी इंजिनियर नव्हें. सारा जन्म मुलांना इतिहास व गणित शिकविण्यांत गेला. तेव्हां ज्याचा हिशेब जगजाहीर आहे असें एक जुनें काम आज आपल्यापुढें मांडतों, आणि तो पैसा नक्की कशांत गेला हें आपण मिळून पाहूं या.

इंग्लंडच्या दक्षिण भागांत हॅम्पशायर परगण्यांत विंचेस्टर नांवाचें जुनें शहर आहे. लंडनचें महत्त्व वाढण्यापूर्वीं वेसेक्सच्या राजांची राजधानी येथें होती. तेथील कॅथीड्रल, म्हणजे बिशपाच्या गादीचें मुख्य चर्च, साडेपांचशे फुटांहून अधिक लांब आहे. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर तेरा वर्षांनीं, म्हणजे १०७९ सालीं, वॉकेलिन नांवाच्या बिशपानें तें बांधावयास घेतलें व १०९३ मध्यें त्याची प्रतिष्ठापना झाली. पुढें ११०७ सालीं त्याचा मधला मनोरा कोसळला. सातच वर्षांपूर्वीं दुसरा विल्यम राजा त्या मनोऱ्याखालीं पुरला गेला होता. या राजाच्या अधर्मी वागणुकीचा धर्मोपदेशकांना फार राग असे. तेव्हां असल्या पाप्याच्या थडग्यामुळेंच मनोरा पडला, असें लोक बोलूं लागले. बांधकामाच्या दोषाचें खापर मेलेल्या माणसाच्या माथीं फोडण्याची ही सोय सगळ्याच देशांत आहे असें दिसतें.

आतां या कॅथीड्रलच्या खालची जमीन पाहा. इचेन नदीच्या खोऱ्यांतली ती सखल, पाणथळ जागा. वर कांहीं फूट साधी माती, तिच्या खालीं पीट, आणि पीटच्या खालीं खडीचा घट्ट थर. पीट म्हणजे हजारों वर्षें पाण्यांत अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींचा काळा थर. दाबला तर स्पंजासारखा बसणारा. खालची खडी मात्र वाटेल तेवढें ओझें झेलावयास समर्थ. जुन्या कारागिरांना हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु खडीपर्यंत खणावें तर खड्डा पाण्यानें भरून जाई आणि तें पाणी उपसण्याची यंत्रें त्यांच्यापाशीं नव्हतीं. १२०२ च्या सुमारास बिशप गॉडफ्रे द लूसी यानें पूर्वेकडची बाजू वाढवावयास घेतली तेव्हां त्याच्या माणसांनीं बीच झाडाचे ओंडके पीटवर पसरून एक मोठा तराफाच केला व त्या तराफ्यावर दगडी भिंती उभ्या केल्या. पाण्याखालीं सदैव बुडालेलें लांकूड सहसा कुजत नाहीं. त्यामुळें ओंडके टिकले. पण त्यांच्या खालचें पीट मात्र वर्षानुवर्षें दबत राहिलें, आणि सगळीकडे सारखें दबलें नाहीं. भिंत जेव्हां सगळीकडे सारखी खालीं जाते तेव्हां घराला फारसें दुखत नाहीं. एक टोंक उतरतें आणि दुसरें जागच्या जागीं राहतें, तेव्हां मधली भिंत फाटते.

असें होतां होतां सातशें वर्षें गेलीं. १९०५ सालीं परिस्थिति अशी झाली कीं पूर्वेकडील भिंती बाहेर झुकल्या होत्या, भेगा फार रुंदावल्या होत्या व दगडाचे तुकडे खालीं पडूं लागले होते. कॅथीड्रलचे वास्तुशिल्पी टॉमस ग्रॅहम जॅक्सन यांनीं भिंतींलगत खड्डा घेऊन पाहिलें, तों खालीं ते ओंडके आणि पीट. जॅक्सनसाहेबांनीं येथें एक शहाणपणाची गोष्ट केली. ते स्वतः नामांकित वास्तुशिल्पी असूनहि, जमिनीखालचा विषय आपला नव्हे असें ओळखून त्यांनीं फ्रान्सिस फॉक्स या इंजिनियराला बोलाविलें. फॉक्स यांचा जन्म बोगदे आणि रेल्वे यांच्या कामांत गेला होता.

पहिला विचार सरळ होता. भिंतीखालीं थोडें थोडें खणावें, पाणी पंपानें उपसावें, पीट काढून टाकावें आणि खडीवर काँक्रीट भरून तें जुन्या भिंतीला भिडवावें. परंतु पंप चालूं केला आणि निराळेंच संकट दिसूं लागलें. पाण्याबरोबर बारीक रेती व गाळ वाहून येऊं लागला. हा गाळ कोठून येणार? शेजारच्या भिंतीखालूनच! म्हणजे एका ठिकाणचा पाया दुरुस्त करावयाचा आणि तेवढ्यासाठीं दुसऱ्या ठिकाणचा पोकळ करावयाचा, असा तो व्यवहार. आपल्याकडेहि विहिरीशेजारीं किंवा नव्या इमारतीच्या खोल खड्ड्याशेजारीं असलेलीं घरें पंप लागल्यावर तडकतात त्याचें एक मोठें कारण हेंच आहे.

मग फॉक्स यांनीं पाणी तसेंच राहूं द्यावयाचें ठरविलें. पाणी काढतां येत नाहीं, तर पाण्यांत उतरून काम करील असा माणूस आणावा! गोद्यांमध्यें व बंदरांमध्यें काम करणारे पाणबुडे त्या वेळीं होतेच. अशा कंपनीकडून विल्यम वॉकर नांवाचा अनुभवी पाणबुड्या विंचेस्टरला आला आणि १९०६ पासून १९११ पर्यंत तो त्या कॅथीड्रलच्या पोटाखालीं काम करीत राहिला.

हें काम कसें चाले तें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण खर्चाचें सारें रहस्य त्यांतच आहे. प्रथम भिंतींना बाहेरून मोठमोठे लांकडी टेंकू दिले. आंत लोखंडी सळया ओढून त्यांना एकमेकींशीं बांधलें. मग भिंतींच्या पोकळ गाभ्यांत पातळ सिमेंट दाबानें भरलें, नाहींतर खालून आधार काढतांच भिंतच सुटी झाली असती. एवढें झालें तरी पायाला अजून हात लागलेला नाहीं, हें ध्यानांत घ्या! त्यानंतर भिंतीखालीं एक अरुंद खड्डा घ्यावयाचा; फार तर चार-पांच फूट रुंदीचा. त्याच्या बाजू फळ्यांनीं धरावयाच्या. ओंडके कापून काढावयाचे, पीट उपसावयाचें. पीटचा शेवटचा थर निघाला कीं खडींतून पाणी उसळून वर येई व खड्डा भरून जाई. तेव्हां वॉकर खालीं उतरे. अंगांत सुमारें अडीच मणांचा पोशाख: तांब्याचें शिरस्त्राण, शिशाचीं वजनें, जड बूट. पाण्यांत इतका गाळ असे कीं दिवा असून नसून सारखाच. सगळें काम हातानें चांचपून. तो खडीचा तळ साफ व सपाट करी, आणि वरून सोडलेलीं काँक्रीटचीं पोतीं एकाला एक चिकटून मांडी. मग तीं पोतीं चाकूनें फाडी, म्हणजे आंतलें काँक्रीट एकजीव होई. असे थरावर थर दिल्यावर तें काँक्रीट आवळून बसे आणि खालचें पाणी बंद होई. मगच वरचें पाणी पंपानें काढीत, व गवंडी उतरून ठोकळे आणि विटा रचीत वर येत आणि शेवटचा थर जुन्या भिंतीच्या तळाशीं ठासून बसवीत. एक खड्डा पुरा झाला. आतां दुसरा. तो लगतचा घ्यावयाचा नाहीं. दूरचा घ्यावयाचा, म्हणजे भिंतीचा आधार एका जागीं फार तुटूं नये. असे दोनशेंवर खड्डे झाले. शेजारीं शतकांपूर्वींचीं थडगीं होतीं, त्या पाण्याची घाण निराळीच. वॉकर वर आला कीं शिरस्त्राण काढून पाइप ओढी; त्या धुरानें रोगजंतु मरतात अशी त्याची समजूत होती असें सांगतात.

हें काम प्रथम पूर्वेकडच्या टोंकापुरतें होतें. पण तें चाललें असतांनाच इतर भिंतींखालचीहि तीच कहाणी उघडकीस आली, आणि काम पसरत गेलें. दक्षिणेकडच्या भिंतीला बाहेरून नवे धिरे द्यावे लागले. लोकांपुढें वर्गणीसाठीं पुन्हां पुन्हां हात पसरावा लागला. शेवटीं १९१२ सालच्या १५ जुलैला, म्हणजे सेंट स्विदिन या तेथील संताच्या दिवशीं, पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी यांच्या उपस्थितींत आभाराची प्रार्थना झाली, आणि वॉकरला राजाकडून सन्मानाचें पदक मिळालें. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत तो वारला. १९६४ सालीं कॅथीड्रलमध्यें त्याचा लहानसा पुतळा बसविला. पण शिल्पकाराच्या हातीं चुकीचें छायाचित्र पडल्यामुळें त्या पुतळ्याला चेहरा मिळाला फ्रान्सिस फॉक्स यांचा! ही चूक दुरुस्त करून खऱ्या वॉकरचा पुतळा तेथें बसावयास २००१ साल उजाडलें. पायांतल्या माणसाला ओळख मिळावयास एवढा काळ लागावा, हें त्याच्या धंद्याला शोभेसेंच आहे.

आतां गणिताचा तास. या कामाला काँक्रीटचीं २५,००० हून अधिक पोतीं, काँक्रीटचे १,१४,००० वर ठोकळे आणि ९,००,००० विटा लागल्या. एकंदर खर्च १,१३,००० पौंड झाला. त्या काळीं एका पौंडाचे १५ रुपये होत, म्हणजे आपल्या हिशेबानें १६,९५,००० रुपये. आणि ते रुपये आजचे नव्हेत, एक शतकापूर्वींचे. विटांचा भाव मी मुद्दाम चढा, हजारीं ३ पौंड, धरून पाहतों. नऊशें हजार विटांचे २,७०० पौंड झाले. एकूण खर्चाशीं याचें प्रमाण शेंकडा अडीचहूनहि कमी पडतें! ठोकळे, सिमेंट, खडी यांचे असेच उदार हातानें पैसे मांडले तरी मोठी रक्कम शिल्लक राहतेच. ती गेली कोठें? टेंकूंत, सळयांत, पंपांत, फळ्यांत, सहा वर्षांच्या मजुरींत, आणि एका वेळीं चार-पांच फुटांपेक्षां अधिक खणतां येत नाहीं या एका अटींत. नवा पाया घालतांना मोकळ्या मैदानांत जें काम आठवड्यांत उरकतें, तेंच काम वर घर उभें असतांना केलें तर त्याला महिने लागतात. पायाच्या दुरुस्तींत आपण पैसे देतों ते पायाचे थोडे, आणि काम चालूं असतां घर उभें ठेवण्याचे फार.

ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली त्याला ठेकेदाराचा कागद वाचतां येऊं लागतो. ज्या अंदाजपत्रकांत सिमेंटचीं पोतीं व विटा यांचाच हिशेब आहे आणि टेंकू, खड्ड्यांचा क्रम, पाणी काढण्याची तजवीज यांचा उल्लेखहि नाहीं, तें स्वस्त दिसलें तरी स्वस्त नसतें. त्यांत काम अर्धेंच लिहिलेलें असतें.

कोणी म्हणेल, हें राजेरजवाड्यांच्या मंदिराचें झालें, आमच्या दोन खणी घराचा याच्याशीं काय संबंध? तर अमेरिकेंतील बॉस्टन शहराचें उदाहरण घ्या. तेथला बॅक बे नांवाचा भाग मुळांत खाडीचा. १८५० नंतरच्या दशकांत भर टाकण्यास सुरुवात होऊन पुढें तेथें मध्यम व सुखवस्तु लोकांच्या विटांच्या घरांच्या रांगा उठल्या. त्या घरांचे पाये जमिनींत ठोकलेल्या लांकडी खुंटांवर आहेत. विंचेस्टरच्या ओंडक्यांप्रमाणेंच हे खुंट पाण्याखालीं असेपर्यंत सुरक्षित. परंतु जमिनींतलें पाणी खालीं गेलें व खुंटांचीं डोकीं उघडीं पडलीं कीं तीं कुजूं लागतात. आणि पाणी खालीं कां जातें? पुष्कळदां शहराच्या फुटक्या गटारांमुळें. गटारांतलें पाणी बाहेर झिरपतें एवढेंच आपल्याला ठाऊक. पण गटार जर जमिनींतल्या पाण्याच्या पातळीखालीं असेल तर उलट जमिनीचें पाणीच भेगांतून त्यांत शिरतें व वाहून जातें. मग घरमालकाला तळघर फोडून, थोडी थोडी जागा घेऊन, खुंटांचीं कुजलेलीं टोंकें कापावीं लागतात व त्या जागीं लोखंड आणि काँक्रीट भरावें लागतें. रीत विंचेस्टरचीच, आकार लहान. त्यांत पुन्हां भिंत शेजाऱ्याशीं सामाईक. तो खर्चाला तयार नसेल तर काम अडलेंच. १९८६ मध्यें त्या शहरानें एक न्यासमंडळ स्थापिलें. तें ठिकठिकाणच्या लहान विहिरींतून जमिनींतल्या पाण्याची पातळी मोजतें आणि ते आंकडे प्रसिद्ध करतें. ही मोजदाद दुरुस्तीपेक्षां किती स्वस्त पडत असेल याचा विचार आपल्या नगरपालिकांनीं अवश्य करावा.

आतांपर्यंत योग्य उपाय महाग कां पडतो तें पाहिलें. अयोग्य उपाय किती महाग पडतो याला इटलींतील पीसाच्या मनोऱ्याइतका बोलका साक्षीदार नाहीं. ११७३ मध्यें तो बांधावयास घेतला आणि दोन-तीन मजले होतात तोंच मऊ चिकणमातींत तो कलूं लागला. पुढें सुमारें शंभर वर्षें काम बंद पडलें, आणि तेंच त्याच्या पथ्यावर पडलें. कारण तेवढ्या अवकाशांत खालची माती दबून थोडी घट्ट झाली. एकसारखें बांधीत गेले असते तर तो केव्हांच आडवा झाला असता. १८३८ सालीं गेरार्देस्का नांवाच्या वास्तुशिल्प्याला वाटलें कीं मातींत रुतलेला तळ लोकांना दिसला पाहिजे. म्हणून त्यानें भोंवतीं चर खणला. पाणी उसळलें आणि मनोरा अधिक कलला. मग १९३४ सालीं पायाला साडेतीनशेंवर भोकें पाडून त्यांत सुमारें ८० टन सिमेंट भरलें. पाया घट्ट करावा या हेतूनें केलेल्या या कामानेंहि मनोरा कललाच. सिमेंट भरलें कीं मजबुती आली, हा भोळा हिशेब आपल्याकडच्याहि कित्येक ठेकेदारांच्या तोंडीं असतो, म्हणून हें उदाहरण मुद्दाम सांगितलें.

१९८९ सालीं त्याच देशांत पाव्हिया येथील जुना मनोरा एकाएकीं कोसळून चार माणसें मेलीं, तेव्हां घाबरून १९९० च्या जानेवारींत पीसाचा मनोरा लोकांना बंद करण्यांत आला आणि जाणत्या लोकांची समिति बसली. त्यांनींहि एकदम हात घातला नाहीं. १९९३ मध्यें उत्तरेच्या बाजूला सुमारें ६०० टन शिसें ठेवून मनोरा कसा वागतो तें पाहिलें. १९९५ सालीं जमीन गोठवून काम करावयास गेले, तों मनोरा पुन्हां हलला. ताबडतोब तें सोडून शिसें वाढवावें लागलें. शेवटीं १९९९ पासून उत्तरेकडच्या बाजूखालून तिरकीं भोकें पाडून थोडी थोडी माती काढली. जी बाजू उंच होती ती हळूच खालीं बसली आणि मनोऱ्याचें डोकें चाळीस सेंटिमीटरहून अधिक मागें आलें. २००१ च्या डिसेंबरांत तो पुन्हां उघडला. म्हणजे ज्यानें गुण आला त्यांत पायांत कांहीं भरलें नव्हतें; उलट माती काढली होती. हा उपाय १९६२ मध्येंच तेर्राचिना नांवाच्या इंजिनियरानें सुचविला होता. पण तेव्हां तो कोणी मनावर घेतला नाहीं.

आतां आपल्या दारांत येऊं. दख्खनच्या पठारावर ज्यांचीं घरें आहेत त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या खालीं पीट नाहीं, खाडी नाहीं. काळी माती आहे. कापसाला जी चांगली तीच घराला वैरीण. पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यांत वाळून आकसते व हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचें घर ठेवलें कीं तें वर्षांतून एकदां उचललें जातें आणि एकदां खालीं सोडलें जातें. गंमत अशी कीं हलक्या घराला हा त्रास अधिक होतो, कारण जड घराचें ओझें फुगणाऱ्या मातीला थोडें तरी दाबून धरतें. जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खणण्याचा हट्ट धरीत तो यासाठीं. पुढें रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशा मातीसाठीं, ऋतूंचा परिणाम पोंचत नाहीं इतक्या खोलीवर जाणारे व तळाशीं कांद्यासारखे फुगीर असे खांब प्रचारांत आणले. परंतु हे सारे उपाय घर बांधण्यापूर्वींचे. मागाहून ते करावयाचे म्हणजे पुन्हां विंचेस्टरची पाळी.

मीं कांहीं वर्षें ज्या एका शाळेंत काम केलें तिची इमारत अशाच जमिनीवर होती. दर मे महिन्याच्या सुटींत भिंतींतले तडे सिमेंटनें गच्च भरून रंग देण्यांत येई. श्रावणांत माती फुगे, तडे मिटूं पाहत. पण आंत सिमेंटची पाचर बसलेली! मग भिंत शेजारीं नवा तडा पाडून मोकळी होई. पुढच्या मे महिन्यांत भरावयास दोन तडे. हा क्रम माझ्या डोळ्यांदेखत नऊ वर्षें चालला, आणि प्रत्येक वर्षीं तो खर्च ‘पायाची दुरुस्ती’ या सदराखालीं वहींत जमा झाला. वस्तुतः त्या नऊ वर्षांत पायापर्यंत कुदळ एकदांहि पोंचली नव्हती.

तेव्हां भेग दिसतांच ती बुजवूं नये. आधीं ती वाचावी. भेगेवर आडवी एक अरुंद कांचेची पट्टी दोन्ही टोंकांना सिमेंटनें चिकटवावी आणि शेजारीं पेन्सिलीनें तारीख लिहावी. भेग चालूं असेल तर कांच फुटते. थांबलेली असेल तर वर्षभर तशीच राहते. रुंदी दर महिन्याला मोजून टिपून ठेवावी. ती मे महिन्यांत वाढून भाद्रपदांत मिटत असेल तर काळ्या मातीचें काम समजावें. एकाच दिशेनें वाढत असेल तर खालीं कांहीं वाहून जात आहे किंवा दबत आहे. खिडकीच्या कोंपऱ्यांतून तिरप्या पायऱ्यापायऱ्यांनीं जाणाऱ्या भेगा, आपोआप अडकूं लागलेलीं दारें, जोत्यापासून सुटलेली फरशी, हीं सगळीं पायाकडे बोट दाखवितात. नुसत्या गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेघा बहुधा गिलावा वाळल्याच्या असतात व त्यांसाठीं पाया उकरणें म्हणजे फोडासाठीं पाय कापणें. अर्थात् भेग दिवसांगणिक रुंदावत असेल किंवा भिंत झुकत असेल तर वर्षभर टिपणें करीत बसूं नये. त्याच दिवशीं जाणत्या माणसाला बोलवावें आणि तो सांगेल तर घर सोडावें.

दुसरें पाहावयाचें तें पाणी. छपराची पन्हळ भिंतीच्या मुळाशींच सुटते का, हौद गळतो का, मोरीचा नळ जमिनींत कोठें फुटला आहे का, जोत्याभोंवतीं उतार घराकडे आहे कीं घरापासून दूर, भिंतीला लागून पिंपळ किंवा निलगिरी वाढली आहे का. पुष्कळ घरांत पायाची म्हणून जी दुखणीं असतात तीं नळदुरुस्तीच्या खर्चांत थांबतात. मोठें झाड मात्र एकदम तोडूं नये. तें रोज ओढीत होतें तें पाणी मातींत राहूं लागतें आणि काळी माती उलट फुगूं लागते.

एवढें करूनहि पाया उकरणें भागच पडलें तर प्रथम मातीच्या तपासणीवर व बांधकामाच्या स्वतंत्र इंजिनियराच्या सल्ल्यावर खर्च करावा. सल्ला देणारा आणि काम घेणारा एकच नसावा. जॅक्सन व फॉक्स यांना पोत्यांमागें दलाली नव्हती हें लक्षांत असूं द्या. विम्याची पॉलिसी काढलेली असेल तर ती याच वेळीं वाचावी. जमीन खचण्याचा उल्लेख तींत बहुधा असतो, परंतु नव्या बांधकामाचें आपोआप बसणें, भरावाच्या जमिनीचें दबणें आणि सदोष बांधकाम हीं सामान्यतः वगळलेलीं असतात, आणि आपलें दुखणें नेमकें त्यांतलेंच निघतें. ठेकेदाराला चार गोष्टी लेखी विचाराव्या: कोणत्या थरापर्यंत खणणार, एका वेळीं किती फूट उघडणार व कोणत्या क्रमानें, तेवढ्या अवधींत भिंतीला आधार कशाचा, आणि ठरलेल्या खोलीवर घट्ट थर नाहीं लागला तर पुढच्या प्रत्येक फुटाला भाव काय. चवथ्या प्रश्नाचें उत्तर काम सुरू होण्यापूर्वीं कागदावर आलें नाहीं तर तें मागाहून, भिंतीखालीं खड्डा उघडा असतांना, ठेकेदाराच्या मर्जीप्रमाणें येतें.